मापाला उभा केलेला माणूस

माणूस हरवला की पोलीस आधी फोटो मागतात. माझ्या मोबाइलमध्ये हजारो फोटो होते, त्यातल्या कितीतरी फोटोंत आमचे हे होते, आणि एकातही ह्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"मॅडम, समोरून एकही नाही?" चौकीतल्या हवालदारबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

मी दगडांचे फोटो काढते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि हा नाद लागला. नाशिकातून कुठल्याही बाजूला निघा, दगड आहेच. काळा कातळ, त्यात मधूनच विटकरी पट्टा, कुठे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे. पण दगडाच्या फोटोत एक गोम असते. शेजारी मापाला काही ठेवलं नाही, तर मुठीएवढा धोंडा आणि तीन मजली कडा दोन्ही सारखेच दिसतात. लहान दगडापाशी मी दहाचं नाणं ठेवायचे. मोठ्यापाशी ह्यांना उभं करायचे.

"अहो, इकडे नका बघू. तोंड दगडाकडे. आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही!"

हे निमूट उभे राहायचे. हात मागे बांधलेले, डावा खांदा जरासा खाली. मधूनच "झालं का गं?" एवढंच विचारायचे. घरी आल्यावर फोटोखाली मी लिहायचे, 'मापासाठी माणूस, पाच फूट सात इंच.' ह्यांना त्याचं केवढं कौतुक! "तुझ्या वडिलांनी माझी पत्रिका बघितली, तू मात्र उंची बघितलीस," असं म्हणून स्वतःच हसायचे.

गेल्या दिवाळीपासून ह्यांचं विसरणं वाढलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, लक्ष ठेवा म्हणाले. काय डोंबलाचं लक्ष ठेवलं मी! फोटो काढताना हे मध्येच चालू लागायचे, वळून माझ्याकडेच बघत बसायचे. एका रविवारी मोहदरीच्या घाटात, सिन्नरच्या अलीकडे, रस्त्यासाठी कापलेल्या कड्यापाशी माझा तोल सुटला. "तुम्ही आता येतच जाऊ नका माझ्याबरोबर. साधं उभं राहता येत नाही तुम्हाला!" ह्यांच्या जागी छत्री टेकवली आणि फोटो काढला. हे गाडीत बसून बघत होते. माझ्या जिभेला हाड नाही, कधी नव्हतंच.

दोनच दिवसांनी सकाळी दुधाची पिशवी आणायला म्हणून हे खाली उतरले ते परत आलेच नाहीत. मोबाइल घरीच चार्जिंगला लावलेला. डेअरी, बागेतला कट्टा, मारुतीचं देऊळ, सगळं पालथं घातलं. धरणातून पाणी सोडलं होतं, गोदावरी दुथडी वाहत होती. तिकडे जायला पाय उचलेना, तरी गेले. त्या गढूळ पाण्याकडे बघत उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा देवाला शिव्या घातल्या. मग चौकी गाठली.

"उंची?"

"पाच फूट सात इंच." ताडकन सांगितलं.

"काही ओळखीची खूण?"

"गालावर तीळ आहे."

"कुठल्या गालावर?"

अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार, आणि तीळ उजवीकडे की डावीकडे ते आठवेना! घाटातला तो विटकरी पट्टा किती जाड आहे, ते झोपेतून उठवून विचारा, सांगते. आधार कार्डावरचा फोटो दाखवला, पण तो बघून मीही ह्यांना ओळखलं नसतं.

शेवटी नाइलाजाने एक पाठमोरा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली माझा नंबर देऊन लिहिलं, चेहऱ्याचा फोटो नाही, कृपा करून पाठीवरून ओळखा. लोक हसतील तर हसू देत म्हटलं. त्यांनी तो पुढे पाठवला, पुढच्यांनी आणखी पुढे.

दीडच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. सिन्नरकडे सीटा भरून वडापच्या फेऱ्या मारणारा जीपवाला होता.

"काकू, तोंड नाय पाह्यलं मी त्या बाबांचं. पण पाठ हीच हाय. मोहदरीच्या घाटात, दगडाकडं तोंड करून. पहिल्या फेरीला पाह्यलं, आता चौथी फेरी माझी, जागचा हलला नाय माणूस. हाक मारली तर वळत बी नाय."

गाडीची किल्ली मी शेजारणीच्या हातात दिली, तिनेच गाडी चालवली. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट, हे तसेच गेले असणार. वाटभर मी एकच घोकत होते, हलू नका हो, आता तरी हलू नका.

हे तिथेच होते. रविवारी मी छत्री टेकवली होती, नेमके त्याच जागी. हात मागे, डावा खांदा खाली, सदरा भिजून पाठीला चिकटलेला, दुधाची रिकामी पिशवी बोटात. मी धावत जाऊन दंड धरला. "अहो! घाबरवलंत ना मला! चला घरी."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तीळ उजव्या गालावर होता.

"बाई, जरा बाजूला व्हा," हे अदबीने म्हणाले. "आमची ही मागून फोटो काढतेय. तुम्ही मध्ये येताय. ती फार चिडते हो."

हे पुन्हा दगडाकडे वळले आणि ताठ उभे राहिले.

मी रडले नाही. नेहमीसारखी वीस पावलं मागे गेले, मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि जीव खाऊन ओरडले, "झालं हो! वळा आता!"

तेव्हा कुठे हे वळले. मला बघून चेहरा उजळला.

"किती वेळ गं?" तिथूनच म्हणाले. "पण हललो नाही बघ."