घोडा, छत्री, लिंबू, रांजण, चाक

हाताचा पंजा वाहतूक पोलिसासारखा उभा करायचा आणि म्हणायचा, "भावना बाजूला ठेवू या." समोर कोणी रडत असो, वाद घालत असो की नुसता चहा विचारत असो, पंजा उभा. तोंडावर मी त्याला 'सर' म्हणत असे. इथे 'तो'च म्हणते. त्याहून जास्त आदर माझ्याकडे शिल्लक नाही.

डोक्याला मार लागून वाचलेल्या माणसांसाठी आम्ही बीडमध्ये फुकट व्यायामाचं एक छोटं केंद्र चालवतो. मोटरसायकलवरून पडलेले, उसाच्या ट्रॉलीवरून घसरलेले, भावकीच्या मारामारीत सापडलेले. त्यांना आणणं, नेणं, जीप कोणत्या दिवशी कोणत्या गावाला, हे माझं काम. तो आला तो मेंदूशास्त्रज्ञ म्हणून. अर्धं आयुष्य त्याने परदेशात उंदरांच्या डोक्यांवर काढलं होतं. आता माणसाचा मार खाल्लेला मेंदू कसा सावरतो हे शोधायचं होतं. त्यासाठी आमचा जिल्हा निवडला. इथे फुटक्या डोक्यांना तोटा नाही, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

आम्हाला तो 'फील्ड' म्हणायचा. माणसांना, गावांना, बाभळींना, सगळ्यांना मिळून एकच शब्द. केंद्रात कोणी भाकरी पुढे केली तर नको म्हणायचा. पिशवीतून केळं काढायचा आणि भिंतीकडे तोंड करून खायचा.

नातेवाइकांना मेंदू समजावून सांगायची त्याची पद्धत मात्र नामी होती. अक्रोड फोडायचा, आतला गर तळहातावर ठेवायचा, "हा उजवा भाग, हा डावा. इथे मार बसला." बायाबापड्या श्वास रोखून बघायच्या. बोलणं संपलं की तो अक्रोड तोंडात टाकायचा. आष्टीची एक म्हातारी बाहेर येऊन मला म्हणाली, "ताई, माझ्या पोराचा मेंदू माझ्याच म्होरं खाल्ला की वो ह्यानं!"

संशोधन त्याचं स्मरणशक्तीवर होतं. आत बोलवायचं, पाच शब्द सांगायचे, थोडा वेळ गप्पा मारायच्या आणि मग ते पाच शब्द विचारायचे. काही महिन्यांनी पुन्हा तेच. घोडा, छत्री, लिंबू, रांजण, चाक. दर वेळी हेच पाच. दुसरे पाच शब्द शोधायला मराठी भाषा काही अपुरी नव्हती.

आमची माणसं परीक्षा ओळखतात. तिच्यात नापास झालं की नाव कटतं, हेही त्यांना पक्कं माहीत. नापास होणाऱ्याचा फुकटचा व्यायाम बंद होणार, जीप बंद होणार, असं व्हरांड्यात कोणीतरी बोललं आणि गावोगावी पसरलं. मग काय, पेपर फुटला. आतून बाहेर आलेला पेशंट बाहेरच्यांना शब्द सांगायचा. तलवाड्याहून येणाऱ्या जीपमध्ये बायका नवऱ्यांकडून घोकून घ्यायच्या, "घोडा म्हणा. फुडं? छत्री." एकाने छत्रीच्या आधी लिंबू म्हटलं तर बायकोने त्याला कोपर मारलं.

मी लगेच त्याला सांगितलं. पंजा उभा राहिला. "मॅडम, सरावाचा परिणाम आम्ही गृहीत धरलेला असतो. तुम्ही जीपचं बघा."

नेकनूरचा अशोक हा त्याचा आवडता पेशंट. अशोक शाळेची गाडी चालवायचा. लहान पोरं आणायची आणि सोडायची. मोटरसायकलवरून पडला, पुष्कळ दिवस बेशुद्ध होता, मग उठला, चालायला लागला. पहिल्या खेपेला त्याला एकच शब्द आठवला. शेवटी पाचही, तेही मागून पुढे. त्याच्या आलेखाची ती चढती रेघ आमच्या सरांनी भिंतीवर पडदा लावून सगळ्यांना दाखवली. "याला म्हणतात सावरणं."

शाळेच्या मुख्याध्यापकांनी अशोकला सांगून ठेवलं होतं, मोठे डॉक्टर एकदा हो म्हणाले की सोमवारपासून चावी तुझी. आणि डॉक्टर हो म्हणायच्या बेतात होते.

तेव्हा अशोकची बायको संगीता आली. माझ्या टेबलाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, ह्यांन्ला गाडी देऊ नका म्हनावं सरांन्ला."

"का गं? सगळं येतंय की त्याला."

"म्याच शिकवलंय वो. रोज भाकरी थापता थापता घोकून घेतलं. यांचा व्यायाम बंद होईल म्हनून केलं. आता कसं सांगू! डाव्या अंगाचं यांन्ला दिसत न्हाई. डोळे हायेत, पर तिकडं ध्यानच जात न्हाई. डावीकडून म्हैस आली तरी तशीच धडकती. अन् हे पोरं भरून नेणार?"

मी तिला आत घेऊन गेले. तिने सगळं पुन्हा सांगितलं, रडत. त्याने ऐकून घेतलं आणि पंजा उभा केला. मग मला इंग्रजीत म्हणाला की डावं-उजवं त्याच्या प्रश्नात बसत नाही. बाहेर पडल्यावर संगीताने विचारलं, "काय म्हनले?" मी तिला मराठीत सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मला काम अर्धवट ठेवता येत नाही. मी त्याला म्हटलं, "सर, हो म्हणायच्या आधी एकदा त्याच्या शेजारी बसा. गाडी चालवतानाचा फोटोही मिळेल." फोटोचं नाव काढल्यावर भावना बाजूला ठेवाव्या लागल्या नाहीत.

रविवारी शाळेमागच्या मोकळ्या मैदानात आम्ही जमलो. अशोक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. गाडीला नमस्कार केला, गिअर टाकला, इतक्या अलगद निघाला की क्षणभर मलाच वाटलं, संगीता उगीच घाबरते. मेंदूशास्त्रज्ञ डाव्या सीटवर, मोबाइल समोर धरून. मैदानाच्या कडेला बाभळीचं कुंपण होतं. गाडी हळूहळू डावीकडे सरकली आणि कुंपणाला घासतच पुढे चालली. काटेरी फांद्या सरळ खिडकीतून आत.

"डावीकडे! अरे, डावीकडे बघ!" तो किंचाळला.

अशोक समोर बघत शांतपणे म्हणाला, "काई न्हाई सर, रस्ता मोकळा हाय."

संगीता ओरडत धावली तेव्हा कुठे गाडी थांबली. अशोक खाली उतरला, घाम पुसला आणि हसून विचारलं, "सर, झालो का पास?"

आयुष्यभर मेंदूंचा अभ्यास केलेला तो माणूस तिथे पँटचे काटे काढत उभा होता. त्याने अशोककडे पाहिलं. ओठ हलले. त्या एका क्षणी मला त्याची दया आली, हेही नोंदवून ठेवते. मग त्याने अशोकच्या खांद्यावर थोपटलं. "छान, छान. बघू."

परत निघताना जीपमध्ये बसता बसता मला म्हणाला, "आज त्याची झोप झाली नसेल."

त्याने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मुख्याध्यापकांनी फोन केला तेव्हा, असा सल्ला देणं आमच्या अभ्यासात येत नाही, असं उत्तर दिलं. महिनाअखेर सामान बांधून तो मोठ्या संस्थेत मोठ्या पगारावर गेला. मी त्याला विनवलं, "सर, अशोकला एक फोन करा. तुमच्या तोंडून नाही ऐकलं तर तो मानणार नाही." उत्तरादाखल त्याने आपला छापून आलेला लेख पाठवला. अशोकची रेघ त्यात होती, चढती.

इकडे अशोक दर सोमवारी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. संगीताने आपली चुगली केली असं त्याने धरलं. तिच्याशी बोलणं टाकलं, तिच्या हातचं जेवणही टाकलं. नाही म्हणायचं काम त्या विद्वानाने तिच्या गळ्यात घातलं होतं.

शेवटी मीच नेकनूरला गेले. अशोक ओट्यावर बसला होता. मी त्याच्या उजव्या अंगाला बसले आणि सरळ सांगितलं, "अशोक, गाडी नाही चालवायची. पुन्हा कधीच नाही. दुसरं काम बघू, मी बघते."

"कोण म्हनलं? हिनं?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"सरांनी सांगितलंय," मी म्हणाले. "स्वतः. फोन करून. फार वाईट वाटत होतं त्यांना."

अशोकने मान डोलावली. "सर म्हनले आसतील तर बरुबर आसंल. देवमानूस हाय, ताई." आणि आत तोंड करून, कितीतरी दिवसांनी, म्हणाला, "आगं, ताईन्ला चहा टाक. मलाबी."