खानदेशातला फिका टाको

जळगाव स्टेशनाबाहेर आले आणि पहिली नजर पडली ती समोरच्या इमारतीवर रंगवलेल्या एका मिशाळ माणसावर. डोक्यावर परातीएवढी टोपी, हातात लाल मिरची आणि खाली ठळक अक्षरांत ‘अस्सल मेक्सिकन, जैनही मिळेल’. मी बॅग खाली ठेवून तो फलक पुन्हा वाचला. ज्या गावात आमच्या लहानपणी बाहेर खायचं म्हणजे कागदात बांधलेली भजी, तिथे आता अस्सल मेक्सिकन, आणि तेही जैन.

न्यायला आलेली प्राजक्ता हसत होती. प्राजक्ता म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळून ती घरी परतली होती, आणि तिला जळगावात मेक्सिकन खाण्याचं दुकान काढायचं होतं. जागा तिने हेरून ठेवली होती : माझ्या वडिलांचा, अण्णांचा, ढेपेचा (सरकीच्या पेंडीचा) गाळा. वडील गेल्यापासून तो बंद होता, आणि कागदावर दादाचा आणि माझा, दोघांचा होता. दादाला तो एका मोबाईलवाल्याला द्यायचा होता. त्यासाठी मी हक्कसोडपत्रावर सही करायची होती, आणि खरं सांगायचं तर मी पुण्याहून आले होते ती त्या सहीसाठीच. आमच्याकडे बहिणी सही करतात. त्यात विचारायचं काय असतं?

“सही कर, मी नाही म्हणत नाही,” प्राजक्ता स्कूटर सुरू करताना म्हणाली. “फक्त आधी माझ्याबरोबर फिर. चार ठिकाणी खा. हे इथे चालेल असं वाटलं तर बाबांना तसं सांग. नाही वाटलं तर मी गाळ्याचं नाव काढणार नाही. अस्सल चव घरात तूच पाहिलेली आहेस.”

ते मात्र खरं होतं. लेकीच्या बाळंतपणाला मी काही महिने टेक्सासात होते. शेजारची लुपे मूळची मेक्सिकोतली. ती टोमॅटो आणि मिरच्या तव्यावर काळ्या पडेपर्यंत भाजायची, दगडी कुंडीत कुटायची, आणि बाजूला तळहाताएवढ्या मक्याच्या भाकऱ्या टम्म फुगत असायच्या. पहिला घास घेतला तेव्हा वाटलं, अगं बाई, ही तर आपल्याच आळीतली. तेव्हा खानदेशात हे चालेल की नाही, याची मला शंका नव्हती. खानदेशात ते कोणी बिघडवू शकेल, हे मात्र मला सुचलं नव्हतं.

पहिलं ठिकाण त्या मिशाळ माणसाचंच. जिना चढून वर गेलो. प्लॅस्टिकचे निवडुंग, भिंतीवर गिटार, आणि कॉलेजची मुलंमुली. “तू बस आत्या, मी सांगून येते,” असं म्हणून प्राजक्ता काउंटरकडे गेली. टाको आले (टाको म्हणजे घडी घातलेली मक्याची भाकरी, आत सारण). भाकरी मक्याची नव्हती, मैद्याची होती. आत कोबी, गोडे मक्याचे दाणे आणि पांढरं मेयोनीज. साल्सा म्हणून जी वाटी आली (साल्सा म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी) ती चाखली तर साखर. जॅमच म्हणा ना.

“कसं आहे?” प्राजक्ताने विचारलं.

“वाढदिवसाला पाच वर्षांच्या मुलांना द्यायला बरं आहे,” मी म्हणाले. तिचा चेहरा उतरला, पण तिने स्वतःच्या ताटातलं मुकाट्याने संपवलं.

दुसऱ्या दिवशी फैजपूर. एसटीतून दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसत होत्या, घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या. स्टँडपासून जवळच एका लेवा पाटील बाईंचं छोटंसं दुकान होतं, चार टेबलांचं. प्राजक्ता पुन्हा आत जाऊन सांगून आली. इथे नाचोज (मक्याचे कुरकुरीत त्रिकोणी तुकडे) म्हणून कच्च्या केळ्याचे वेफर्स आले. कल्पना मला आवडली, आणि म्हणूनच पुढचा राग जास्त आला. कारण त्या खमंग वेफर्सवर त्यांनी पातळ चीज ओतलं होतं आणि वर गोड सॉसच्या रेघा मारल्या होत्या. मिरचीचा मागमूस नाही. ज्या भागात शेवभाजीचा रस्सा पाहूनच परगावच्या माणसाला घाम फुटतो, तिथे हे!

ताट उचलायला बाई आल्या आणि काळजीने म्हणाल्या, “काहून व अक्का, ठसका नही ना लागला?”

ठसका? यानं? मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. टोमणा मारताहेत असं वाटलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “साखरेचा ठसका लागत नाही,” मी म्हणाले. त्या ओशाळल्या. प्राजक्ता घाईघाईने मला बाहेर घेऊन आली.

येताना मी तिला बरंच सुनावलं. म्हटलं, बाई गं, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मेक्सिकोचं नाव घ्यायचं आणि लोकांना गुळमट मैदा खाऊ घालायचा, हा धंदा माझ्या वडिलांच्या गाळ्यात नको. ढेप विकून त्यांनी गुरांची तरी फसवणूक केली नाही. प्राजक्ता खिडकीबाहेर बघत राहिली. “अजून दोन ठिकाणं आहेत,” एवढंच म्हणाली.

चाळीसगावला आगगाडीने गेलो. स्टेशनाजवळ बरिटो (लांबट गुंडाळलेली भरलेली पोळी) मिळतो असं तिचं म्हणणं. रोज गाडीने ये-जा करणारे नोकरदार तिथे उभ्याउभ्या खात होते आणि नाकं पुसत होते. मला वाटलं, सर्दीची साथ असेल. आम्हाला मिळाला तो बरिटो म्हणजे चांदीच्या कागदात गुंडाळलेला गार भात. भातात राजमा, राजम्यावर दही, दह्यात साखर. मी दुकानदाराला विचारलं, “भाऊ, मेक्सिकोत मिरची पिकत नाही का?”

तो माझ्याकडे नाही, प्राजक्ताकडे बघून हसला. “ताई, तुमच्यासाठी खास केलंय.”

खास! मी अर्धा बरिटो तसाच टाकला. अन्न टाकायची मला लहानपणापासून चोरी आहे, पण टाकला. धुळ्याच्या एसटीत बसेपर्यंत मी मनात ठरवूनही टाकलं होतं : घरी पोहोचले की सही करायची. मोबाईलवाला निदान मोबाईलच विकेल.

धुळ्याच्या वाटेवर नवा मका निघाला होता. डांबराच्या कडेला पिवळे धमक दाणे वाळत घातलेले, बायका पायाने ते उलथत होत्या, आणि बस मक्याला बगल देत चालली होती. एवढा मका दारात पडलेला आणि यांचा टाको मैद्याचा. मी हे प्राजक्ताला बोलून दाखवलं.

धुळ्यातलं ठिकाण म्हणजे पत्र्याची शेड. ना निवडुंग, ना गिटार. शोभाअक्का नावाच्या बाई आणि त्यांची सून मिळून चालवायच्या. प्राजक्ता नेहमीप्रमाणे सांगायला आत गेली. तोवर मी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. दोन म्हातारे शेतकरी, टोप्या काढून बाजूला ठेवलेल्या, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर पंगतीत बसल्याचं समाधान. त्यांच्या हातात मक्याच्या छोट्या भाकऱ्या होत्या, कडा करपलेल्या. आत वांग्याचं भरीत, कच्चा कांदा आणि वर लालकाळा ठेचा. भाजलेल्या मिरचीचा तो वास माझ्यापर्यंत आला आणि मला लुपेचं अंगण आठवलं.

तेवढ्यात माझं ताट आलं. मैदा, कोबी, मेयोनीज.

“अक्का,” मी म्हणाले, “मला त्यांच्यासारखं द्या.”

शोभाअक्का गोड हसल्या. “ते तुमले तिखं लागी, ताई. ते आपला लोकेसनं शे.”

“आपल्या लोकांचं? आणि मी कोण?”

“तुम्ही पाव्हन्या. तुमनी पोरनी पहिलेच सांगं, पाव्हनी शे, फिकं करा.”

मी प्राजक्ताकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती.

“सगळीकडे सांगितलंस?”

“सगळीकडे,” ती म्हणाली. “आईने निघतानाच बजावलं होतं. आत्या पुण्याची झाली, आपलं तिखट तिला सोसायचं नाही, पाहुण्या माणसाला सांभाळून खाऊ घाल. मग मी प्रत्येक ठिकाणी सांगत गेले. फिकं म्हटलं की सगळे लहान मुलांसाठीचं मैद्याचं, गोडमिट्ट तेच देतात.”

“आणि तूही तेच खात होतीस?”

“पाहुण्याला एक आणि आपण दुसरं, असं कसं खायचं?”

“अगं, पण तुझं दुकान बुडत होतं!”

“कळत होतं मला,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. “पण तुला काही त्रास झाला असता तर?”

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल, पण पाहुण्याच्या ताटात मिरची पडू देणार नाही, ही आमच्याच मुलखाची रीत. मला तिचा राग आला, वहिनीचा आला, आणि त्याहून जास्त त्या शब्दाचा आला. पाव्हनी. ज्या मातीत मी वाढले तिथे मला लहान पोरांचं जेवण, आणि तेही माझ्यामागे कुजबुजून.

“मी बी आठलीच शे, अक्का,” मी म्हणाले. मीही इथलीच, हे सांगायला कितीतरी वर्षांनी ती बोली तोंडातून निघाली, जरा अडखळत निघाली.

शोभाअक्कांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “मंग पहिले सांगानं ना,” म्हणाल्या आणि ते ताट उचलून घेऊन गेल्या.

दुसरं ताट आलं. मका त्यांच्याच वावरातला (शेतातला). मी खाल्लं. कानशिलं तापली, नाक वाहायला लागलं, आणि मी आणखी मागून घेतलं. शेजारच्या म्हाताऱ्याने पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला. “खा बहीन, खा. पानी जोडे (जवळ) ठेव.” प्राजक्ताही बसली आणि मन लावून जेवली. लुपेला इथे आणलं असतं तर ती पदर खोचून थेट चुलीपाशी गेली असती.

पारोळा, एरंडोल करत संध्याकाळी जळगावला पोहोचलो. दादाने कागद टेबलावर काढून ठेवले होते, पेनासकट.

“दादा, मी सही करत नाही,” मी म्हणाले. “माझा हिस्सा राहू दे. त्यात प्राजक्ता दुकान काढेल.”

दादा आधी हसला. मग त्याला कळलं की मी थट्टा करत नाही. “मोबाईलवाल्याला मी शब्द दिलाय. आणि सगळ्याच बहिणी सोडतात. तू कुठे इथे राहतेस?”

“राहत नाही. पण गाळा अण्णांचा आहे, आणि मी त्यांचीच आहे.”

वहिनीने समजुतीच्या सुरात मध्ये तोंड घातलं. “ताई, तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या. कशाला वाईटपणा घेता?”

“पाहुणीची सही कशाला लागते मग?” मी विचारलं.

दादाने कागद गोळा केले आणि तो आतल्या खोलीत गेला. प्राजक्ता दारात उभी होती. ती रडत नव्हती, हसतही नव्हती. तिने जाऊन कपाटातून गाळ्याची किल्ली काढली आणि माझ्यासमोर आपल्या ओढणीच्या टोकाला बांधली.

सकाळी निघाले तेव्हा दादा खोलीबाहेर आला नाही. एरवी माहेरून निघताना वहिनी ओटी भरते, साडी देते, पापड-कुरडयांचे डबे बांधते, दादा स्टेशनावर येऊन खिडकीची जागा धरून देतो. या वेळी यातलं काहीच नव्हतं. मी रिकाम्या हातांनी गाडीत बसले. केळीवाली, पेपरवाला, सगळे नेहमीसारखे ओरडत होते. मला वाईट वाटलं, पुष्कळ वाटलं, आणि राग तर अजूनही गेलेला नाही. पण लग्न झाल्यापासून इतक्यांदा त्या घरातून निघाले, तरी पाहुणचार न घेता, घरच्या माणसासारखी भांडून निघाले ती याच खेपेला.