निरोगी पाठ पाहिजे

लोकांना वाटतं, किस्से हसऱ्या माणसांकडे साठतात. साफ चूक! ते माझ्यासारख्या चिडक्या बाईकडे साठतात. हसून झालं की माणूस विसरतो. डोकं फिरलं की ते जन्मभर ध्यानात राहतं. आणि आमच्या सेंटरवर माझं डोकं रोज फिरतं.

मी रत्नागिरीत एका लहानशा टेस्टिंग सेंटरवर सिस्टर आहे. जखम धुवायचं नवीन औषध बाजारात येण्याआधी ते धडधाकट माणसांच्या पाठीवर, पट्टीखाली लावून बघायचं. कातडी लाल होते का, खाजते का, जळजळते का, ते लिहायचं. काम एवढंच.

मागच्या खेपेला तीन बाटल्या होत्या. तिन्ही दिसायला सारख्या, फक्त स्टिकर वेगळे: निळा, हिरवा, पिवळा. एकीत नुसतं मिठाचं पाणी. प्रत्येकाच्या पाठीवर तिन्हींची एकेक पट्टी, त्याच रंगाची खूण केलेली. पण कुठल्या रंगात काय आहे, हे सेंटरवर कुणालाच सांगत नाहीत. डॉक्टरांनाही नाही. माहीत असलं की माणूस नकळत झुकतं माप देतो ना, म्हणून. मुंबईहून येणारे कंपनीचे साहेब तर छातीवर हात ठेवून सांगायचे, "सिस्टर, मलासुद्धा माहीत नाही हं! तेच तर सायन्स आहे!"

*

"निरोगी माणसं पाहिजेत" असा बोर्ड आम्ही दारावर लावला. निरोगी! केवढ्या मोठ्या अक्षरात!

पहिला आला तो लंगडत. पायाला फडकं गुंडाळलेलं. सोडलं तर ही एवढी जखम, आणि चांगली पिकलेली!

मी म्हटलं, "अहो, हे काय? आम्हाला निरोगी माणूस हवाय."

"औषद जखमेचं ना? मग जखम नको?" तो माझ्यावरच उखडला. "मुद्दाम डॉक्टरकडं गेलो नाय. तुमच्यासाठी राखून ठेवली!"

डॉक्टरांनी आधी त्याला सरकारी दवाखान्यात पाठवला. जाताना तो बोर्डाकडे बोट करून म्हणाला, "नीट लिवत जावा!"

*

मग दत्ताराम. आंब्याच्या बागेत काम करणारा. गळ्यावर, हातावर चिकाचे काळे डाग. मी म्हटलं, "तुमची कातडी चालायची नाही."

त्याने शर्ट वर केला. "पाठ बघा की! एकदम नवी कोरी. कदी वापरलीच नाय!"

पाठ खरंच स्वच्छ होती. पट्ट्या लावल्या. बजावलं: भिजवायच्या नाहीत, घाम येईल असं काम करायचं नाही. मान डोलावून गडी गेला तो थेट बागेत, पेट्या उचलायला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा पाठीवर काळ्या इलेक्ट्रिक टेपची फुली!

"घामानं सुटली होती. बायकोनं परत लावलीन," तो खूश होऊन म्हणाला. "तुमच्यापेक्षा घट्ट लावलीय!"

टेप काढताना कातडी सोलायची बाकी राहिली होती. ती लाली कुणाच्या नावावर लिहायची, सांगा! शेवटी त्याला बाद केला. तर बायको भांडायला आली, टेपचं उरलेलं रीळ हातात घेऊन.

*

अडाणी माणसांवर चिडून फायदा नाही म्हणतात. मग शिकलेल्यांचं ऐका.

एक हायस्कूलचे मास्तर होते. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. यांना काही समजावून सांगायला नको, असं मला वाटलं. मास्तरांनी घरी जाऊन पट्ट्या उचकटल्या, मुलीकडून पाठीचे फोटो काढून घेतले, फॅमिली ग्रुपवर टाकले आणि पट्ट्या परत चिकटवल्या. सकाळी मी वाकून बघतेय, तर म्हणाले, "तुम्ही त्रास घेऊ नका. ठरलंय."

"काय ठरलंय?"

"बहुमत 'लाल नाही' असं आहे. फक्त आमची पुण्याची मेहुणी विरोधात गेली. ती नेहमीच जाते!"

*

पण या सगळ्यांवरचा राग संध्याकाळपर्यंत उतरायचा. साहेबांवरचा अजून उतरलेला नाही.

पिवळ्या पट्टीखाली एकेकाची कातडी लाल दिसायला लागली. सगळ्यांची नाही, पण दिसायला लागली. साहेब मुंबईहून धावत आले. समोर बँकेतला एक क्लार्क पालथा झोपलेला.

"हा आंब्याचा चीक आहे," साहेब म्हणाले.

क्लार्क म्हणाला, "मी बाजारातून आणून खातो हो. झाड जवळून बघितलेलं नाही."

"मग मासे खाल्ले असतील. कोकणात काय, रोज मासे!"

"मी शाकाहारी आहे."

"मग ऊन. तुमच्याकडचं ऊन फार वाईट."

"शर्टाच्या आत?" मी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच रात्रभर त्या पाठीवर बसून ऊन पाडलं!

*

आणि मग हमीदाचाची. पूर्णगडहून पहिल्या एसटीने यायच्या. नवरा जहाजावर, घरात चाची आणि अंथरुणाला खिळलेली सासू. सासूच्या पाठीला जखमा झालेल्या. पट्ट्या लावताना मी सहज विचारलं, "चाची, तुम्ही कशाला या फंदात पडलात?"

"जखम धुताना म्हातारी वरडते गो. मी हात धरून बसतंय. काय लावतात तिला, ते माज्या पाठीला तरी कळू दे."

मी तिसरी पट्टी जरा हळूच दाबली.

दुसऱ्या दिवशी चाचींनी सांगितलं, "दोन जागा गप हायत. ही एक जळते." हात मागे नेऊन दाखवायला गेल्या, तर हात पोचेना. मीच बोट ठेवत गेले. पिवळी.

नेमके साहेब तिथे. "खाजवलं असेल!"

मी म्हटलं, "साहेब, हात पोचत नाही त्यांचा. आत्ताच बघितलंत."

"मग भिंतीला पाठ घासली असेल. ही माणसं काहीही सांगतात, सिस्टर. हे लिहू नका."

ही माणसं! चाची शांतपणे ओढणी सारखी करत होत्या, पण चेहरा पार उतरलेला. "साहेब, खोटं बोलून मना काय मिळायचाय? उद्या हेच माज्या सासूच्या जखमेत जायाचं."

मी पेन उचललं. साहेब डॉक्टरांकडे वळले. डॉक्टर भला माणूस, पण मोठ्या आवाजापुढे लगेच मवाळ होतो. म्हणाला, "सिस्टर, थांबा. उद्या परत बघू, मग ठरवू." म्हणजे काय ठरणार ते मला कळलं. चाचींनाही कळलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, इतका संताप झाला होता!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चाची आल्या, मुकाट्याने स्टुलावर पाठ करून बसल्या. पिवळ्याखालची जागा कालच्यापेक्षा लाल होती. डॉक्टर चष्मा पुसत उभे. आम्ही साहेबांची वाट बघत होतो.

साहेब आले ते ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत. समुद्रावर फोटो काढायला खडकांवर चढले होते, तेही अनवाणी! खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपांनी तळपाय चांगलाच कापलेला. लादीवर रक्ताचे ठिपके.

"सिस्टर, लवकर! धुवा आधी!"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवला. कापूस होता ट्रेच्या मागच्या बाजूला, आणि पुढे त्या तीन बाटल्या. कापूस घ्यायला मी पिवळ्या स्टिकरची बाटली नुसती उचलून बाजूला ठेवत होते. तेवढ्यात साहेबांनी पाय झटकन पोटाशी घेतला आणि केवढ्यांदा ओरडले,

"पिवळी नको! पिवळी नको! निळी घ्या, निळी!"

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

चाचींनी मान वळवून साहेबांच्या पायाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"लिव गो सिस्टर," त्या म्हणाल्या. "आता लिव."