नळीवर नाव नसतं

फ्रीजरातनं नमुन्याची नळी काढायची, हातमोज्याच्या अंगठ्यानं तिच्यावरची बर्फाची साय पुसायची, नंबर दोनदा मोठ्यानं वाचायचा, मग माझ्याकडं बघायचं. "लिवला का, मामा?" मॅडमचा दिवस असा सुरू व्हायचा. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, पण आकडा माझा कधी चुकला नाही. म्हणून वही माझ्याकडं.

मॅडम माढ्याकडच्या, सोलापुरात आमच्या प्रयोगशाळेत संशोधनाला आलेल्या. साहेबांशी इंग्रजी, माझ्याशी गावाकडचं. कोरोनाचे काटे तुम्ही सगळ्यांनी चित्रात पाहिलेत. मॅडमचं लक्ष त्या काट्यांखालच्या पापुद्र्यावर. त्या पापुद्र्याचं प्रोटीन कॉम्प्युटरात इंग्रजी अक्षरांच्या माळेसारखं लिहितात; विषाणू माणसामाणसातनं फिरताना त्यातलं एखादं अक्षर बदलतं, ते त्या हुडकायच्या. मी टोमणा मारायचो, पेपरात तर सगळं काट्याचंच चाललंय. त्या हसायच्या. "असू द्या की. पापुद्र्याला बी कुनीतरी पायजे."

नळीवर नाव नसतं, नंबर असतो. पण दुसऱ्या लाटेत माझ्या बायकोच्या घशातल्या नमुन्याची नळी असलेला डबा दवाखान्यातनं मीच आणला होता. तिच्या कागदावरचा नंबर तिथंच पाठ झाला. चार दिवसांनी ती गेली. तोंडसुद्धा बघू दिलं नाही. माझ्यापुरती ती त्या फ्रीजरातच उरली होती. हे मी कुणाला बोललो नाही.

एका सकाळी मॅडमनी तोच नंबर वाचला आणि माझा पेन थांबला.

"कोन हाय, मामा?"

सांगितलं. त्या कॉम्प्युटरपाशी गेल्या, लई वेळ बघत बसल्या. पापुद्र्यात एक अक्षर बदललंय म्हणाल्या. त्यानंच गेली का, मी विचारलं. "ठावं न्हाय, मामा."

दुसऱ्या कुणी काहीतरी सांगून माझी समजूत काढली असती. ह्या बाई त्या एका अक्षरामागं वर्षभर लागल्या. त्यांच्या जेवणाच्या डब्यातली भाकरी तशीच वाळून जायची. मी रागवायचो. वर्षानंतरही उत्तर तेच. ठावं न्हाय.

मग वरून कागद आला. प्रकल्प बंद, सगळे नमुने वाफेत घालून नष्ट करा. मॅडम वाचायच्या, मी वहीत रेघ मारायचो. माझ्या बायकोचा नंबर आला तेव्हा त्यांनी नळीवर मूठ मिटली.

"ही एक ठिवू का? तुमी म्हना फकस्त."

म्हणायचं होतं. पण मी जन्मात कुणापुढं हात पसरला नाही. म्हटलं, "नियम सगळ्यांना एकच. वाचा."

त्यांनी वाचला. रेघ मी मारली.

वाफ निवल्यावर त्या म्हणाल्या, त्या नळीची अक्षरं हायत, कॉम्प्युटरात जपलीत. मी म्हटलं, मला कुठं ती येतात.

"मी शिकवते की. एकच शिका. बदललेलं."

"ह्या वयात? नको."

महिन्याभरात त्यांचं कंत्राट संपलं. कुठं गेल्या, ऑफिसात कुणाला माहीत नाही. त्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात, कुलूप मीच लावतो. ते अक्षर कुठलं, हे सांगणारं माणूस आता सोलापुरात नाही.