परत येण्याची हमी

इस्त्रीवालीच्या घरात एक वाक्य फार चालायचं. "उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलंस तर तंगडी तोडून हातात देईन!" ते नवऱ्याचं. हा बाबा टायरच्या दुकानात कामाला. हातात लोखंडी पान्हा आणि डोकं कायम तापलेलं. पोरीला त्यानं एकदा पट्ट्यानं असं झोडपलं होतं की तिला कितीतरी दिवस पाठ टेकता येत नव्हती.

अशा माणसानं पोरीला परदेशी शिकायला पाठवायचं कबूल केलं ते काही मायेपोटी नाही हो. धाकट्या भावाची मुलगी गेली होती, मग याचं नाक खाली कसं राहील? आई मात्र कपड्यांवर इस्त्री फिरवताना मनाशी एकच घोकायची: एकदाची जा बाई, आणि या नरकाकडे पुन्हा फिरकू नकोस.

आता गंमत बघा. व्हिसासाठी नेमकं उलटं पटवावं लागतं: शिकून झालं की ही नक्की परत येणार! इस्त्रीवालीनं शपथेवर लिहून दिलं की आमचं घर फार मायेचं, आईबापांवाचून पोरीला करमत नाही. एवढं धडधडीत खोटं, पण बाई अडखळली नाही. तरी नकार आलाच. म्हणे, मुलीनं मायदेशी परतावं असं सबळ कारण दिसत नाही.

"गल्लीभर सांगून बसलो होतो मी! तोंडाला काळं फासलंत मायलेकींनी!" नवऱ्यानं पान्हा उचलला. इस्त्रीवालीनं उजवा हात आडवा धरला आणि मनगटाचं हाड कट्कन मोडलं.

पोरीनं वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "त्या देशाच्या न्यायालयात दाद मागू. पण न्यायाधीश व्हिसा देत नाहीत हं. अधिकाऱ्यानं समोरचे कागद नीट पाहिले का, एवढंच तपासतात. त्यानं तर आईनं शपथेवर दिलेल्या जबाबाचा साधा उल्लेखही केलेला नाही."

"आणि नकारानंतर घरात जे झालं, ते?" इस्त्रीवालीनं प्लास्टर बाहीत सारलं.

वकीलबाईंची नजर त्या बाहीवर थांबली. "नंतरचं न्यायालय बघत नाही."

"देव पावला," ती म्हणाली.

सुनावणी वकीलबाईंच्या ऑफिसात, संगणकाच्या पडद्यावर झाली. नवरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून सभ्य गृहस्थासारखा बसला होता. तो शर्टही तिनंच डाव्या हातानं इस्त्री केलेला. प्लास्टर टेबलाखाली होतं. न्यायाधीशांनी नकार रद्द केला. आईचा जबाब विचारात घेऊन दुसऱ्या अधिकाऱ्यानं नव्यानं निर्णय द्यावा, म्हणाले.

"म्हणजे व्हिसा अजून नाहीच?" नवरा उसळला. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं बायकोनं घरी दहादा ऐकवलं होतं, पण त्याच्या कानात शिरलं असेल तर शपथ! त्यानं खुर्ची उचलून काचेच्या कपाटावर घातली. नशीब, पडदा तेवढ्यात बंद झाला होता.

दुसऱ्या अधिकाऱ्यानं मात्र व्हिसा दिला.

निघायच्या दिवशीही गिऱ्हाइकांचे कपडे होतेच, इस्त्री तापलेली होती. बॅग दाराशी ठेवायला उशीर झाला म्हणून नवऱ्यानं बायकोच्या कानाखाली जाळ काढला. पोरीनं बॅग खाली आपटली. "मी सुट्टीत परत येते, आई. तुला काय याच्या हातून मरायला सोडू?"

इस्त्रीवालीनं एवढं खोटं लिहून दिलं, हाड मोडून घेतलं, आणि ही कार्टी ते खरं करायला निघाली होती!

तिनं डाव्या हातानं तापलेली इस्त्री उचलली. आधी नवऱ्याच्या तोंडासमोर धरली. तो मागं सरकत सरकत भिंतीला चिकटला. मग ती पोरीकडे वळली. जिच्यावर जन्मात हात उगारला नव्हता, तिच्यावर इस्त्री उगारून ती ओरडली, "परत आलीस तर याद राख! तंगडी तोडून हातात देईन!"

पोरगी घळाघळा रडत बॅग घेऊन जिना उतरली. खालचं दार वाजेपर्यंत आईनं इस्त्री खाली ठेवली नाही, आणि नवराही भिंतीपासून हलला नाही.