मला एकट्यालाच सुटणारी गाठ

परवा सारसोळेच्या जेट्टीवर आमची बोट बंद करायला घेतली. आता दोन-तीन महिने तरी येणं नाही... धाकट्या भावाला मी किडनी देतोय आणि ऑपरेशन चेन्नईला आहे. सुनंदा, माझी बायको, सोबत येणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... नेरूळचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही दोघं बोटीतच राहतो. जुनी मासेमारीची बोट. वायरिंग, प्लंबिंग, इंजिन, सगळं मी स्वतः शिकून केलंय. मेकॅनिकला आजवर पायरी चढू दिली नाही.

त्यामुळे बंद करतानाही कसर नको होती. डिझेलची टाकी काठोकाठ भरली, कारण रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी होतं. समुद्राचं पाणी आत घेणारे सगळे व्हॉल्व्ह बंद. सिलिंडर किनाऱ्यावर नेला, गाद्या उभ्या करून ठेवल्या. तळात साचणारं पाणी उपसायचा पंप तेवढा सोलरवर चालू.

शेवटी दोर. जिथे घासतात तिथे होजपाइपचे तुकडे चढवले आणि माझी खास गाठ मारली... जितका ताण येईल तितकी ती आवळते. माझ्याशिवाय कोणाला सुटत नाही, याचा मला अभिमान होता.

शेजारच्या होडीचे मोतीरामदादा बोटीवर लक्ष ठेवणार होते. ते दोर चाचपून म्हणाले, "काय इंजिनेर, बोट बांदलीस का कैद केलीस? उधान आलं तं दोर ढिले कराला तुला चेन्नईवरनं बोलवू?"

मी म्हटलं, "दादा, सुटत नाही हीच तर तिची खुबी."

सुनंदा पुढे आली. खाली बसून गाठ सोडवायला लागली. भरती चढत होती, दोर ताठ झालेला. तिचं नख मोडलं.

"सुरी कुठे ठेवलीत तेवढं सांगून ठेवा," ती म्हणाली. मला हसू आलं... ती हसत नव्हती.

मग हळू आवाजात म्हणाली, "मी एकटीच परत आले, तर मला सुटायला हवी."

मी परत न येण्याबद्दल आमच्याकडे कोणी बोललंच नव्हतं. दात्याला धोका फार कमी असतो, हे मी वाचून काढलं होतं आणि सगळ्यांना समजावूनही सांगितलं होतं. ते ऐकून ती गप्प बसायची, आणि मला वाटायचं तिला पटलं...

मी सगळे दोर सोडले. मोतीरामदादा त्यांच्या होडीला मारतात तीच साधी गाठ मारली, टोक ओढलं की सुटणारी. प्रत्येक गाठ सुनंदाकडून सोडवून घेतली, मग पुन्हा बांधली. चाव्या दादांकडे दिल्या आणि पंपाचं बटण दोघांनाही दाखवलं.

आज संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये दादांचा फोन आला. उधाणाचं पाणी जेट्टीला लागलं होतं, त्यांनी दोर ढिले करून पुन्हा बांधले. "एका हातानं सुटली," म्हणाले.

उद्या सकाळी ऑपरेशन आहे. भाऊ शेजारच्या खोलीत आहे, सुनंदा इथे खुर्चीतच झोपलीय. तिकडे बोट दुसऱ्याच्या हातच्या गाठीवर उभी आहे... आणि मला तिची काळजी वाटत नाही.