उजवा कौल

थोरल्या भावाने तारकर्लीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. मी लांब पल्ल्याचा ट्रक सोडून त्याच्या पाहुण्यांची गाडी चालवावी, असं घरच्यांनी ठरवूनच टाकलं. मी हो म्हणेना, तेव्हा त्यांनी देवाचा कौल घ्यायचं काढलं. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही बाजूंना भिजवलेले तांदूळ चिकटवले; उजवीकडचा दाणा आधी पडला तर देवाचा होकार. भावाने सांगितलं तसं गाऱ्हाणं त्याने घातलं, "म्हाराजा, ही नोकरी बरी आसात तर उजवो कौल दी."

उजवाच दाणा पडला. सगळ्यांनी हात जोडले आणि माझ्याकडे बघितलं.

माझं डोकंच फिरलं. नोकरी बरी आहे हे मलाही ठाऊक होतं. याला ट्रक सोडायचा आहे का, हे ना कुणी देवाला विचारलं, ना मला.

"माका जमूचा नाय," मी म्हटलं.

"देव कोपतलो रे!" भाऊ ओरडला.

"कोपांदे. वीस वर्सां घाटाघाटात माझ्या बाजूक तोच बसता, तू नाय."